मोहेंजोदडोची मुद्रा आणि आपली श्रद्धा



अलीकडे गावोगावी एक नवा अनुभव येतो. कीर्तन आटोपते, आरती होते, फेटा उतरवून जरा टेकावे तोच एखादा शिकलेला तरुण पुढे येतो, हातातला मोबाइल समोर धरतो आणि विचारतो, "बुवा, हा महादेवच ना?" चित्र ठरलेले असते. मोहेंजोदडोची ती मुद्रा. डोक्याला शिंगे, मांडी घालून बसलेली आकृती, भोवती जनावरे. त्याला 'होय' ऐकायचे असते. पुढच्याच गावी दुसरा भेटतो. तो म्हणतो, "बुवा, वेदांच्याही आधी इथे मोठी नगरे होती, त्यांचा देव निराळाच होता, मग तुमचे सगळे उसनेच की!" त्यालाही 'होय'च ऐकायचे असते. दोघांच्या हातात चित्र एकच, आणि दोघांनाही चित्राशी फारसे कर्तव्य नाही. एकाला श्रद्धेचा पुरावा हवा, दुसऱ्याला अश्रद्धेचा. आपले काही कीर्तनकारही हल्ली पूर्वरंगात ही मुद्रा आणतात आणि "पाच हजार वर्षांचा पुरावा" असे ठणकावून सांगतात. टाळ्या पडतात. तेव्हा या विषयाचा एकदा शांतपणे विचार केला पाहिजे असे वाटून आजचे निरूपण त्यावर योजिले आहे.

आधी वस्तू काय ती पाहू. शंखजिऱ्याच्या मऊ दगडाची, साडेतीन सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद अशी ही मुद्रा. म्हणजे तळहाताच्या खळग्यात मावेल एवढी! चित्र मोठे करून दाखवतात म्हणून आपल्याला ती मूर्तीसारखी भासते, इतकेच. मधे चौरंगासारख्या आसनावर एक पुरुष टाचा जुळवून बसला आहे, हात गुडघ्यांवर आहेत, दंडापर्यंत बांगड्यांसारखे काही आहे, डोक्यावर मोठी वाकडी शिंगे आहेत. एका अंगाला हत्ती व वाघ, दुसऱ्या अंगाला गेंडा व रेडा, आसनाखाली हरणासारखे प्राणी. वर लिपीची काही चिन्हे. सिंध प्रांतातील मोहेंजोदडो येथे 1928-29 च्या खोदकामात ती मिळाली. त्या वेळी तिथले काम अर्नेस्ट मॅके पाहत होते. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. 1931 साली सर जॉन मार्शल यांचा मोहेंजोदडोवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी लिहिले की हा शिवाचा पूर्वावतार, पशुपती असावा. तेव्हापासून 'पशुपती-मुद्रा' हे नाव रूढ झाले. नाव मुद्रेवर कोरलेले नाही. ते आपण ठेवले आहे, हे ध्यानात असू द्यावे.

या नगरांचा शोधही गमतीचा आहे. पंजाबातील हडप्प्याच्या टेकाडातल्या हजारो पक्क्या विटा 1850 नंतर लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या भरावासाठी उपसून नेल्या. आगगाडी साडेचार हजार वर्षांच्या विटांवरून धावली आणि कुणाला त्याचे काही वाटले नाही! पुढे 1921 च्या सुमारास दयाराम साहनी यांनी हडप्पा व लगेच राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो खणावयास घेतले. राखालदासांचे लक्ष मुळात टेकाडावरच्या बौद्ध स्तूपाकडे होते. स्तूपाखालचे नगर वर आले ते शोधत असताना. सप्टेंबर 1924 मध्ये मार्शल साहेबांनी जगाला ही वार्ता दिली, आणि हिंदुस्थानचा इतिहास एकदम दोन हजार वर्षांनी मागे गेला.

यात आपल्या पंढरीचाही एक माणूस आहे, हे पुष्कळ वारकऱ्यांना ठाऊक नसते. काशिनाथ नारायण दीक्षित. 1889 साली त्यांचा जन्म पंढरपुरात झाला. पुरातत्त्व खात्यात शिरून 1924-25 च्या हंगामात त्यांनी मोहेंजोदडोला खोदकाम केले आणि 1937 मध्ये ते साऱ्या हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले. चंद्रभागेच्या काठचा मुलगा सिंधूच्या काठची माती चाळायला गेला! डोळे अर्धे मिटलेला, दाढी राखलेला, डाव्या खांद्यावरून तिपानी नक्षीची शाल घेतलेला जो दगडी पुतळा पाठ्यपुस्तकांतून आपण पाहतो, तो त्यांच्याच खोदकामात मिळाला. वीतभरही उंच नाही तो. त्याला सगळे 'पुरोहित-राजा' म्हणतात. कशावरून पुरोहित? कशावरून राजा? मोहेंजोदडोला निर्विवाद राजवाडा असा एकही सापडलेला नाही आणि निर्विवाद देऊळही नाही. तरी नाव पडले आणि चिकटून बसले. नाव ठेवण्याची माणसाला फार घाई असते.

आता मुद्रेची परीक्षा करू. लहानपणी पाठशाळेत तर्कसंग्रह घोकला, त्याचा उपयोग अशा वेळी होतो. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान. ते खरे केव्हा? जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी ही व्याप्ती पक्की असेल तेव्हा. हेतूत दोष असला की तो हेतू नव्हे, हेत्वाभास. 'हा पशुपती आहे' हे सिद्ध करण्यास लोक तीन हेतू देतात.

पहिला, त्याला तीन मुखे आहेत. पण आहेत का? मार्शल साहेबांना तीन दिसली. पुढच्या अभ्यासकांपैकी कित्येकांना ते एकच तोंड दिसले, तेही माणसापेक्षा रेड्याच्या वळणाचे, आणि बाजूची मुखे म्हणजे रेड्याचे लोंबते कान वाटले. हेतूच जागेवर नसेल तर त्याला शास्त्रात 'असिद्ध' म्हणतात. दुसरा, तो योगासनात बसला आहे. पण इराणातल्या प्राचीन एलाम देशाच्या, याहून जुन्या मुद्रांवर बैलसुद्धा असेच पाय दुमडून बसलेले कोरले आहेत. त्या बैलांना योगी म्हणणार काय? हेतू भलतीकडेही आढळला की तो 'सव्यभिचार'.

तिसरा हेतू मात्र खरा वजनदार. भोवती पशू आहेत म्हणून हा पशुपती. डॉरिस श्रीनिवासन या विदुषीने 1975 नंतर यावर आक्षेप घेतला, आणि तो आपल्या वैदिकांनी ऐकण्यासारखा आहे. त्यांचे म्हणणे असे की वेदातला पशुपती हा गावातल्या, गोठ्यातल्या पशूंचा स्वामी, आणि मुद्रेवर तर सगळी रानटी जनावरे. गाय नाही, शेळी नाही, मेंढी नाही. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात भव-शर्वांचे सूक्त आहे, तेथे रुद्राचे म्हणून जे पाच पशू वाटून दिले आहेत ते गाय, घोडा, माणूस, शेळी आणि मेंढी. म्हणजे आक्षेप बरोबर! पण थांबा. त्याच सूक्तात थोडे पुढे गेले की अरण्यातले मृग आणि पक्षी हेही त्याचेच म्हणून सांगितले आहेत. म्हणजे मार्शल साहेबांचा पक्षही अगदी पडत नाही. दोन्ही बाजूंना तुल्यबळ हेतू उभे राहिले. याला 'सत्प्रतिपक्ष' म्हणतात, आणि तेथे न्यायाधीशाने निकाल देऊ नये असे शास्त्र सांगते.

मग उरले काय? संशय. आणि संशय या शब्दाला आपण उगीच भितो. भक्तीत संशय घातक, हे खरेच. पण गौतममुनींनी न्यायशास्त्रात जे सोळा पदार्थ मोजले त्यात प्रमाण आणि प्रमेय यांच्यामागोमाग तिसराच पदार्थ संशय आहे. देवाविषयीचा संशय आणि दगडाच्या तुकड्याविषयीचा संशय हे दोन निराळे. दगडाविषयी संशय धरल्याने महादेवाला काही उणे येत नाही. उलट मी म्हणतो, ज्याची श्रद्धा साडेतीन सेंटिमीटरच्या शंखजिऱ्यावर उभी आहे, त्याने उद्या ती लिपी वाचली गेली आणि त्यावर एखाद्या व्यापाऱ्याचे नाव निघाले तर काय करावे? श्रद्धा त्या दिवशी सोडावी? तसेच दुसऱ्या पक्षाचेही. लिपी वाचून त्यावर रुद्राचे नाव निघाले, तर काय तो दुसऱ्या दिवशी माळ घालणार आहे? ईश्वर हा कुदळीचा विषय नव्हे. जे डोळ्यांना व अनुमानाला गवसत नाही तेथेच शब्दप्रमाण बोलते, हा आपल्या वेदान्त्यांचा जुना सिद्धांत आहे. त्यामुळे मुद्रेवाचून आपले काही अडत नाही, आणि मुद्रेला आपण जबरदस्तीने साक्षीला ओढू नये.

लिपीचे तर आणखीच कठीण. सुमारे चारशे चिन्हे मोजली गेली आहेत. इरावतम् महादेवन यांनी 1977 साली सगळे लेख जमवून त्यांची सूची छापली. एकेका मुद्रेवर सरासरी पाचच चिन्हे. शंभर वर्षांत कितीतरी पंडितांनी 'वाचली' म्हणून सांगितले. कुणी संस्कृत वाचले, कुणी तमिळ, पण एकाचे वाचन दुसऱ्याला पटत नाही. जानेवारी 2025 मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी ही लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. आपल्याला पंढरपूरच्या देवळातला चौऱ्याऐंशीचा लेख माहीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांनी त्या शिळेला पाठी घासल्या, चौऱ्याऐंशी लक्ष योनी चुकाव्यात म्हणून. अक्षरे झिजली, तरी इतिहासकारांनी ती वाचली. यादव रामदेवरावाच्या काळातली, शके 1195 पासूनची देणगीदारांची नावे आणि त्यांची दाने त्यात निघाली. कारण लिपी ठाऊक, भाषा आपली. सिंधूच्या मुद्रांचे तसे नाही. तेथे लिपीही अज्ञात आणि भाषाही अज्ञात. मुक्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालणे हा एक प्रकारचा खोटेपणाच होय.

म्हणून ती नगरे काहीच बोलत नाहीत असे मात्र नाही हं. जेथे अक्षरे मुकी आहेत तेथे विटा बोलतात. उंची एक, रुंदी दोन, लांबी चार, या एकाच प्रमाणाच्या विटा शेकडो कोसांच्या प्रदेशात आढळतात. दगडी चौकोनी वजने मिळाली. एक, दोन, चार, आठ, सोळा अशी दुपटीने चढणारी, आणि सोळाचे वजन सुमारे पावणेचौदा ग्रॅमचे. हडप्प्याला जे माप तेच गुजरातेत लोथलला. आपला रुपया 1957 पर्यंत सोळा आण्यांचा होता म्हणून काहीजण येथून नाते जोडतात. जोडोत, पण तेही अनुमानच. माप मात्र प्रत्यक्ष आहे. बाजारात बसलेल्या त्या वाण्याचा देव कोणता ते आपल्याला कळत नाही, पण त्याचा तराजू दीडशे कोसांवरच्या तराजूशी जुळत होता हे कळते. मोहेंजोदडोला सातशेंच्या आसपास विहिरी असाव्यात असा अंदाज आहे. गल्लीगल्लीतून विटांनी झाकलेली गटारे. तेथला जो मोठा हौद, बारा मीटर लांब, सात रुंद, अडीच मीटर खोल, डांबराचा थर देऊन पाणी झिरपणार नाही असा बांधलेला, दोन्ही टोकांना पायऱ्या, तो स्नानाचा असावा हे उघड दिसते. त्याला तीर्थ म्हणावे काय? मला स्वतःला म्हणावेसे वाटते. पण वाटणे हे प्रमाण नव्हे.

आणखी एक वाद हल्ली फार चिघळतो, म्हणून दोन शब्द. हरियाणातील राखीगढी येथल्या एका स्त्रीच्या हाडांतून वंशद्रव्य काढून त्याचा निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्या कामात प्रमुख होते. त्या स्त्रीत मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश आढळला नाही. एवढे एक पक्ष सांगतो आणि थांबतो. त्याच वर्षी, त्याच सुमारास दुसरा मोठा निबंध आला. त्यात म्हटले की तो अंश इसवी सनापूर्वी 2000 नंतरच्या काळात भारतात मिसळला, आणि आज तो कमीअधिक पुष्कळांत आहे. एवढेच दुसरा पक्ष सांगतो आणि थांबतो. अर्धे सांगणे हे असत्याच्या फार जवळचे असते. पूर्ण सांगावे. आणि एकमेकांच्या पायांवर डोके ठेवताना कूळ न विचारणाऱ्या माणसांनी या भांडणात कशाला पडावे, हे मला कळत नाही.

बरे, त्या नगरांचे पुढे काय झाले? इसवी सनापूर्वी 1900 च्या सुमारास मोठी शहरे ओस पडू लागली. पाऊस उणावला, नद्यांनी प्रवाह बदलले, दूरदेशचा व्यापार आटला अशी कारणे सांगतात. माणसे एका रात्रीत नाहीशी झाली नाहीत. पांगली, खेड्यांत वसली. काहींचा माग गुजरातेतून खाली दक्षिणेकडे थेट आपल्या प्रवरेपर्यंत लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद म्हणून गाव आहे. तेथल्या पांढरीत उत्तरकालीन सिंधू संस्कृतीची भांडी व सिंधू लिपीचे चिन्ह असलेली मुद्रा मिळाली आहे. 1974 साली तेथे झाडाचे बूड खणताना एका भिल्ल मजुराला चार धातूच्या मूर्ती लागल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जोडलेला रथ, त्यात उभा सारथी. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. ओढून नेता येतील अशी चाकांची योजना. मोडीत घातल्या असत्या तर कुणाला कळले नसते. त्या गरीब माणसाच्या कुदळीने महाराष्ट्राला केवढे धन दिले!

सज्जनहो, ध्यानात आले का? हत्ती, गेंडा, रेडा. मुद्रेवरच्या चार मोठ्या जनावरांपैकी तीन. विद्वानांनीही हे साम्य दाखवले आहे. वाघ तेवढा नाही. येथे पुन्हा जीभ वळवळते, की हा रथोत्सव, ही देवाची वाहने! असेलही. पण मूर्ती व्यवस्थित थरातून निघाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाविषयीच एकमत नाही. तेव्हा जीभ आवरावी हे बरे.

प्रवरेच्याच काठाने आणखी खाली गेले की आपले नेवासे. शके 1212 मध्ये ज्ञानोबारायांनी खांबाला टेकून जेथे गीतेचा अर्थ मऱ्हाटीत सांगितला ते ठिकाण. तेथल्याच लाडमोड टेकाडावर 1954 ते 1956 अशी दोन वर्षे डॉ. हसमुखलाल सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोदकाम केले. माउलींच्या आधी अडीच हजार वर्षांहून अधिक काळ तेथे शेतकरी राहत होते. कुडाची घरे, लाल मातीवर काळी नक्षी काढलेली भांडी, तांब्याची थोडी अवजारे. मूल दगावले की ते गावाबाहेर नेत नसत. दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून त्यात मूल ठेवीत आणि घरातच जमिनीखाली पुरीत. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. तांब्याच्या संगतीने तिचा दोरा टिकला होता. तपासला तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम आढळले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुडाच्या घरात रेशीम! कुठून आणले असेल आईबापांनी, कुणाकडून घेतले असेल, आणि शेवटी ते मुलाच्या गळ्यातून काढून का घेतले नसेल?

घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनेच 1968 पासून पंधराएक वर्षे खोदकाम केले. तेथे तीच रीत. मोठ्या माणसाला मात्र उत्तरेला डोके, दक्षिणेला पाय असे निजवीत, आणि पुष्कळांचे पाय घोट्याखाली तोडलेले! मेलेल्याने उठून जाऊ नये, घरातच राहावे म्हणून, असे अभ्यासक म्हणतात. ज्यांचा सगळा धर्म पायांवर चालतो अशा आपणा वारकऱ्यांना हे वाचून चर्र होते. मलाही झाले. पण द्वेषाने कुणी आपल्या मृताला घरात, चुलीच्या शेजारी पुरत नाही. रीत अघोर असेल, माया अघोर नव्हती. तेथेच एका घराच्या जमिनीखाली मातीच्या झाकणबंद पात्रात कच्च्या मातीची, डोके नसलेली एक स्त्रीमूर्ती मिळाली, आणि जोडीला मातीचा बैल. तिच्या पोटाला एक भोक, बैलाच्या पाठीला एक भोक. दोहोंत काडी घातली की बाई बैलावर बसते. ही कोण? सटवाई? लेकरांची राखण करणारी कुणी? अनुमाने पुष्कळ आहेत. नाव तिच्याबरोबर मातीत गेले. पण एवढे प्रत्यक्ष आहे की कुणीतरी ओल्या मातीने ती बोटांनी घडवली, पात्रात ठेवली, वर झाकण घातले आणि पायाखाली, घरच्या माणसांच्या सोबतीला पुरली.

पुण्यास जाणे झाले तर येरवड्याकडच्या डेक्कन कॉलेजात या खोदकामांतल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. आधी चौकशी करून जावे. नेवाशाला तर आपण जातोच. खांबाचे दर्शन झाल्यावर सवड काढून लाडमोडचे ते टेकाड कुठे आहे ते गावातल्या जाणत्याला विचारावे, आणि तेथे जाऊन थोडे उभे राहावे.